न्यायला की उतरवायला?

निंबळच्या आमराईत त्र्यंबकराव आठल्यांचं चित्रालय आहे. एक सोडून आतली सगळी चित्रं त्यांच्याच हातची. दारावरचा पहारेकरी तिकीट बघण्याआधी विचारतो, "न्यायला आलात की उतरवायला?" पाहुणे गोंधळतात, पण "उतरवायला" म्हटल्याशिवाय तो बाजूला होत नाही. त्याचं कारण असं सांगतात.

त्र्यंबकराव गेल्यावर त्यांच्या पत्नी उमाबाईंनी चित्रं राखली. कुणी बघायला आलं की यांची नजर त्याच्या हातांवर. त्यांची एकुलती लेक मथी देवीच्या साथीत गेली होती आणि तिचं म्हणून एकच चित्र उरलं होतं. सकाळी आधी तिचं तोंड बघायचं, मग चूल पेटवायची, असा त्यांचा नेम.

एकदा मिरजेहून गणपत नावाचा तरुण चित्रकार आला. बाकीच्या भिंती सोडून दुपारभर मथीसमोरच बसला. उमाबाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. जाताना तो आमराईच्या माळ्याला म्हणाला, "उद्या येऊन ही मुलगी उतरवून घेतो."

चित्रकार नक्कल करण्याला उतरवणं म्हणतात. पण त्र्यंबकरावांनी जन्मात कुणाची नक्कल केली नव्हती. त्या घरात उतरवणं म्हणजे खिळ्यावरून खाली काढणं, एवढंच ठाऊक.

त्याच संध्याकाळी उमाबाईंनी चित्र फडक्यात गुंडाळून जुन्या आंब्याच्या ढोलीत लपवलं म्हणे. गणपतला सकाळी भिंत मोकळी दिसली. मग तो रोज येऊन विचारी, आणि जितक्या अजिजीनं विचारी तितका यांचा संशय पक्का होई. "एवढं गोड बोलतोय, म्हणजे डाव मोठा आहे," त्या माळ्याला म्हणत. माळ्यावर तरी कुठे विश्वास होता!

शेवटी तो कंटाळून निघाला, तेव्हा त्यांनी ढोलीत हात घातला. हाताला नुसती माती लागली. वाळवीनं मथी खाल्ली होती.

हंबरडा ऐकून गणपत फाटकातून परतला. काय झालं ते कळल्यावर त्यानं रंग काढले. पहिल्या दुपारी डोळ्यांत साठवलेलं तो रंगवत बसला. उमाबाई मागे उभ्या. संशय अजून होताच.

"हनुवटीवर तीळ होता," त्या दरडावून म्हणाल्या.

"डावीकडं. त्याच्याखाली आणखी एक बारका," तो मान न वळवता म्हणाला.

तो बारका तीळ आजवर उमाबाईंशिवाय कुणाच्या नजरेत आला नव्हता. उमाबाई पोटभर रडल्या.

"लपवून ठेवली म्हणून गेली माझी पोर," त्या म्हणाल्या. "आता येईल त्याला उतरवून घेऊ दे."

आजही कुणीही मथीसमोर बसून तिला उतरवून घेऊ शकतं. बाहेर पडताना पहारेकरी हात मात्र तपासतो. रंगानं माखलेले दिसले, की फाटक उघडतो.