बंद दार आणि बारा क्लास

“मग बारा क्लास चांगले, की चार, की क्लास नसलेलेच?”

शर्विलने तिन्ही जाडजूड नियमपुस्तकं टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. केळुसकर मास्तर फासे पुसत होते, ते पुसत राहिले.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नाही. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चारपाच जण एक गोष्ट खेळतात. प्रत्येकाचं त्यात एक पात्र असतं, त्या पात्राचा प्रकार म्हणजे त्याचा क्लास, आणि गोष्ट चालवणाऱ्याला रत्नागिरीतली ही मंडळी मास्तर म्हणतात. शर्विलही त्यांच्याकडे शिकून स्वतःच्या टेबलावर असा खेळ चालवायचा. गेल्या रविवारी त्याचे सगळे खेळाडू मधूनच उठून गेले होते. ते परत यावेत म्हणून त्याचा जीव तुटत होता, पण तोंडाने कबूल करेल तर शपथ.

“या पुस्तकात बारा क्लास,” तो म्हणाला. “योद्धा, मांत्रिक, चोर, शाहीर... ज्याचं काम त्याने करायचं. दुसऱ्यात चारच, तिथे सगळे सारखेच वाटायला लागतात. तिसऱ्यात क्लासच नाहीत, ज्याला जे हवं ते त्याने शिकावं. नुसता गोंधळ! मी सगळं ताडून पाहिलंय मास्तर. बाराच सरस.”

“मग विचारायला कशाला आलास?”

शर्विल पुस्तकांच्या कडा जुळवू लागला.

“खेळाडू का गेले?”

“मृण्मयीमुळे. तिचं पात्र योद्ध्याचं. गोष्टीत एका जळलेल्या गावात पोर रडत होतं. ही म्हणाली, मी त्याला अंगाई म्हणते. मी म्हटलं, गाणं शाहिराचं काम, योद्ध्याला जमत नाही. पुस्तक उघडून नियम दाखवला. तिने आपल्या पात्राच्या कागदाची घडी घातली आणि गेली. मागोमाग बाकीचे.”

“आणि पोर?”

“कुठलं पोर?”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं...

मग तिन्ही पुस्तकं उचलून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

“बस. खेळू.”

शर्विल खुशीत पुढे सरकला. “माझा क्लास कोणता?”

“तुझ्यासमोर दार आहे. बंद.”

“योद्धा असेन तर तोडेन. चोर असेन तर कुलूप उघडेन. मांत्रिक असेन तर मंत्र... पण मी आहे कोण, ते तरी सांगा!”

“दार बंद आहे.”

शर्विलने फाशांकडे हात नेला. मास्तरांनी ते उचलून खिशात टाकले.

“असं कसं खेळणार? ना क्लास, ना फासे!”

मास्तरांनी रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवलं.

शर्विलला आधी राग आला. मग घडी घातलेला तो कागद आठवला आणि त्याला फार लाज वाटली.

शेवटी त्याने बोट वाकवून, दारावर करावं तसं, टेबलावर हळूच टकटक केलं.

मास्तर पुढे झुकले.

“आत कोणीतरी अंगाई म्हणत होतं. आता थांबलंय... विचारतंय, ‘बाहेर कोण आहे?’”