हौसाबाईची पाटी

"पण बुवा, मुकुंदाला जमेल ना हो?"

सकाळपासून हे चौथ्यांदा. मठाच्या केरोबुवांनी एका भोपळ्यावर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि तो पाटीत ठेवला.

विचारणारा भालचंद्र तांबट. भांड्यांचं चालतं दुकान धाकट्या भावाच्या, मुकुंदाच्या हवाली करून महिन्यापूर्वी मठात आलेला. उद्या पहाटे त्याला दीक्षा मिळायची होती. दीक्षेच्या जेवणाची भाजी घ्यायला दोघे जुन्या मंडईत आले होते. वीस वर्षं एकट्यानं दुकान चालवल्याचा ताठा अजून मानेत होता, पण जिवाला घडीभर चैन म्हणून नव्हतं.

"त्याला गिऱ्हाइकाशी धड बोलता येत नाही. कल्हईवाल्यावरही डोळा ठेवावा लागतो. एकदाच जाऊन बघून येऊ का?"

"जा की," बुवा म्हणाले. "कितीदा जाशील?"

...

खरेदी संपली. पाटीवाल्या हौसाबाईनं भरलेली पाटी डोक्यावर घेतली.

"मोठ्या दारापाशी आणते. तुम्ही व्हा पुढं."

ही मंडई भारी फसवी. दगडी कमानींच्या आठ वाटा एका छपराखाली येऊन मिळतात, आणि आठही सारख्याच! बुवा सरळ चालू लागले. भालचंद्र त्यांच्या मागे, पण मान पाठीकडे. चार पावलं टाकली की वळून बघे. पाटी आहे? आहे. पुन्हा वळला, तो लिंबांच्या ढिगावर आदळला. शिव्या खात लिंबं गोळा केली. पुन्हा वळून बघतो तर...

पाटी नाही!

त्याचं धाबंच दणाणलं. "अहो हौसाबाई!" करत तो उलटा धावत सुटला. कांद्याची वाट, मग फुलांची, मग परत कांद्याचीच. आता बुवाही दिसेनात.

अर्ध्या तासानं एका हमालानं दंडाला धरून त्याला मोठ्या दाराशी आणून सोडलं.

पायरीवर बुवा बसले होते. शेजारी पाटी. हौसाबाई निवांत पान जमवत होती.

"कुठं गायब झालात हो तुम्ही?" भालचंद्र ओरडलाच.

"मी व्हय? तुम्ही लिंबं येचत व्हता, तवा शेजारनंच पुढं गेले की! तीस वर्सं हीच वाट तुडवतेय, दादा."

त्यानं पाटी चाचपली. वरची कोथिंबीरसुद्धा जागची हलली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बुवा... उद्याची दीक्षा?"

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"पाटी केव्हाच पोचली रे. खोळंबलोय ते तुझ्यासाठी."