मागे तोंड करून

‘‘...पण बुवा, डिझेलच पुरंना, त्याला मी काय करू?’’

सोमगिरी बुवा मठाच्या पायरीवर बसून भाजी निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

‘‘कुठवर पुरलं?’’

‘‘तिसऱ्या वाडीपर्यंत. तिथं काटा लाल झाला. तसाच पुढं रेटलो असतो तर माघारी कसा आलो असतो?’’

‘‘म्हणजे आवडाक्काला औषध न्हाई.’’

ड्रायव्हर सर्जेराव हातातली किल्ली चाळवू लागला.

डोंगरमाथ्यावरच्या त्या मठाची एक जुनी जीप होती. बाजाराच्या दिवशी, दानात मिळालेल्या एका कॅन डिझेलवर, ती औषधं घेऊन वाड्यावस्त्यांवर जायची. शेवटचा थांबा धनगरवाडा, आणि तिथं दम्यानं बेजार झालेली आवडाक्का. गेले दोन बाजार गाडी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. काल तिचा जावई चालत मठात आला. म्हातारी रात्रभर भिंतीला टेकून बसते, म्हणाला. ते ऐकून सर्जेरावानं रात्रीचं ताट तसंच बाजूला सारलं होतं.

मठात येण्याआधी सर्जेरावानं गोव्याच्या रस्त्यावर टुरिस्ट गाड्या पळवल्या होत्या. अंगावर कफनी आली, पण पाय काही वैरागी झाला नव्हता. घाटात आपल्या पुढे कोणी गेलेलं त्याला अजून खपत नसे. जीपमधला आरसा त्यानं स्वतःची दाढी दिसेल असा वळवून ठेवला होता.

‘‘कुणातरी दानशूराला सांगून आणखी एक कॅन मिळवा, बुवा. गाडी हाणायचं माझ्याकडं लागलं.’’

‘‘मागू की. आधी एक फेरी मी येतो.’’

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या फेरीला निघताना बुवा जीपमध्ये मागच्या बाजूनं चढले. पडदा वर गुंडाळला आणि मागे तोंड करून बसले.

‘‘पुढं बसा की, बुवा. मागं काय दिसणार?’’

‘‘पुढचं तू बघतोस. मागचं बघाय कोण नको?’’

सर्जेरावानं जीप सोडली ती वाऱ्यावर, मागं धुरळ्याचा लोट. वळण आलं की कचकन ब्रेक, वळण सुटलं की पाय पुन्हा तळाला. बुवांना आपला हात कळू दे, हाही एक विचार मनात होताच.

‘‘सर्ज्या, ती बाई तुझ्या वळखीची का?’’ मागून आवाज आला.

‘‘कंची बाई?’’

‘‘भारा घेऊन कडंला हुभी होती ती. तुझी गाडी गेली आन् तिनं तोंडाला पदर लावला.’’

सर्जेरावानं आरशात पाहिलं. दाढी दिसली.

घाट उतरून पहिली वाडी आली. औषधं वाटून झाली तरी जीप आपली घरघरतच होती.

‘‘ही का बडबडतीया?’’

‘‘चालूच ठेवतो, बुवा. बंद केली की लोकांना वाटतं, बिघडली.’’

‘‘आन् चालू ठेवली की काय वाटतं?’’

सर्जेरावानं किल्ली फिरवली. एकदम इतकं शांत झालं, की त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

बुवांनी खांद्यावरचा पंचा नळाखाली धरला आणि ओलाच नेऊन चाकाच्या मधल्या लोखंडावर टाकला.

चर्र... वाफ निघाली.

‘‘थांबलं की माणूस थंड होतो. हे का तापलं?’’

‘‘ब्रेक मारला की तापतंच, बुवा. वेग जिरतो तिथं.’’

‘‘आन् वेग कुठनं आणलास?’’

‘‘वेग...’’ सर्जेराव अडखळला. ‘‘डिझेलातनं.’’

बुवांनी पंचा पिळला.

‘‘आवडाक्काची वाट हितं जळतीया व्हय...’’

थोबाडीत बसावी तसं सर्जेरावाला लागलं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? डोक्याला ठाऊक होतं, पायाला कधी सांगितलं नव्हतं.

‘‘मग उतारावर इंजिन बंद करूनच सोडतो!’’ उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

‘‘सोड. डिझेल वाचंल. आपण न्हाई वाचणार.’’

‘‘मग करू तरी काय?’’

‘‘लांबनं वळण दिसतं, तवा तुझा पाय काय करतो?’’

सर्जेरावानं आठवून पाहिलं.

‘‘...दाबतो.’’

बुवा मागं जाऊन बसले.

आता वळण दिसलं की पाय आधीच सैल पडू लागला. गिअर तसाच ठेवून जीप आपली आपण मंदावायची, वळण घ्यायची आणि हळूहळू पुन्हा चालीला लागायची. एवढ्यात एक टेम्पो भोंगा वाजवत बाजूनं पुढे गेला. ड्रायव्हरनं हात हलवून चिडवलंसुद्धा. सर्जेरावाचे कान तापले, पायाला खाज सुटली. त्यानं दात आवळले आणि पाय आहे तिथंच ठेवला.

दोन वळणांपुढे म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. म्हशींना घाई नव्हती. टेम्पो तिथंच उभा होता. सर्जेराव रमतगमत त्याच्या मागे पोचला, तेव्हा शेवटची म्हैस कडेला लागत होती. त्याला एकट्यालाच हसू फुटलं.

मग कोण जाणे का, त्यानं हात वर करून आरसा वळवला.

मागे रस्ता दिसला. कडेला लाकडाची मोळी घेतलेली एक बाई उभी होती. गाडी पुढे गेली तरी तिनं तोंडाला पदर लावला नाही. उलट बुवांकडे बघून ती हसली.

तिसरी वाडी आली. सर्जेरावानं भीत भीत काटा पाहिला. काटा अजून लाल खुणेच्या बराच वर होता. जीप धनगरवाड्याच्या चढाला लागली.

आवडाक्का दारातच बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून.

‘‘आलासा व्हय रं बाबा! आवाज न्हाई, धुरुळा न्हाई... म्हटलं, आजबी कुणी येत न्हाई.’’

तिनं औषधाचा फवारा तोंडाला लावला. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. छातीतली शीळ बसली. ती सर्जेरावाच्या तोंडावरून हात फिरवायला लागली, तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. डोळे पुसत तो जीपकडे आला.

बुवा चाकापाशी वाकले होते. लोखंडावर त्यांनी उघडा तळवा ठेवला होता, आणि तो तसाच राहू दिला होता.

‘‘बुवा, आता दुसऱ्या कॅनचं कुणाला सांगू नगासा.’’

बुवांनी हात झटकला आणि पुढच्या सीटवर चढून बसले.

‘‘आता पुढं बसलासा?’’

‘‘मागं बघण्यासारखं काय उरलं न्हाई.’’