अकरा कोरे चौकोन

“...आणि हे अकरा चौकोन कोरे का?”

निनाद पाठारेनं वही नूरबाबांच्या पुढ्यात आपटली. बाबांनी आधी चहाची बशी सुरक्षित जागी सरकवली, मग वहीत डोकावले.

“आहेत खरे कोरे.”

“ते मलाही दिसतंय. का आहेत?”

बाबा चहा प्यायले.

नूरबाबा कोळवी नदीकाठच्या तकियातले फकीर. बत्तीस वर्षं रोज सकाळी घाट उतरायचा, पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीतल्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा, हे त्यांचं काम. वेळ आली की तकियातला नगारा वाजवायचा, हे दुसरं. नगारा वाजला की खालच्या कुंभारवाड्यातली साठ घरं टेकडीवर चढायची. त्याचा आवाज असा, की एकदा पलीकडच्या तालुक्यातल्या एका लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आतच अक्षता पडल्या. ते जोडपं अजून सुखात आहे.

निनाद शहरातून आलेला इंजिनिअर. त्यानं घाटावर खांब उभा केला होता आणि खांबावर कॅमेरा. कॅमेरा पट्टी वाचणार, संगणक विचार करणार आणि गरज पडली तर भोंगा वाजवणार. शुक्रवारी मोठे साहेब येऊन भोंगा सुरू करणार होते. त्याच दिवशी नगारा उतरवून ठेवायचा होता. निनादच्या पिशवीत दोन संगणक असत. एक काम करायचा, दुसरा पहिल्याला धीर द्यायचा.

“बाबा, तुमच्या जुन्या आकड्यांवरून माझा प्रोग्राम नदी शिकतोय. कोरा चौकोन आला की तो अडखळतो.”

“मग?”

“मग काय? आता नाही अडखळत. चूक आली की गिळतो आणि पुढे जातो.”

“गिळून ठेवतो कुठं?”

“ठेवत नाही. गिळतो.”

“...अकरा वेळा?”

“हो.”

“आणि पोट दुखत नाही त्याचं?”

पायऱ्यांवरून हसण्याचा आवाज आला. तानाक्का कुंभारीण तकियासाठी नवा माठ घेऊन आली होती. वाड्यातलं सगळ्यात खालचं, नदीला चिकटलेलं घर तिचं. तिनं माठ टेकवला आणि ती तिथंच बसली. फुकटची करमणूक ती सोडत नसे.

“त्या चौकोनांत मी शून्य टाकलंय,” निनाद म्हणाला. “तुम्ही खरे आकडे सांगा, ते टाकतो. नाहीतर शून्य राहील. एका शून्यानं कुणाचं काय बिघडतंय?”

बाबा उठले. खांद्यावरची शाल काढत घाट उतरले आणि ती त्यांनी कॅमेऱ्यावर टाकली. बहिरी ससाण्याला टोपी घालावी तशी.

“आता विचार त्याला, पाणी किती?”

निनादनं संगणक उघडला. पडद्यावर हिरवा दिवा लागला.

पातळी शून्य. धोका नाही.

खाली कोळवी गुडघाभर वाहत होती.

“अगं बाई,” तानाक्का म्हणाली, “नदी आटली की! आता धुणं कुठं धुवायचं?”

निनादचे कान लाल झाले.

“थांबा. शून्य नको. दिसलं नाही तर कालचा आकडा धरायचा.” त्यानं दहा मिनिटं बोटं आपटली. “हं. बघा.”

पातळी दोन फूट. धोका नाही.

“आमची सासू डोळे गेल्यावर अशीच कालच्या अंदाजानं चालायची,” तानाक्का म्हणाली. “एकदा शेजारणीच्या घरात जाऊन चूल पेटवून बसली. वर तिलाच म्हणते, तू कोण गं?”

“बरं! मग बत्तीस वर्षांची सरासरी!”

पातळी एक फूट चार इंच. धोका नाही.

“आता वाड्यातल्या सगळ्या पायांची सरासरी काढा, साहेब, आणि सगळ्यांना त्याच मापाच्या चपला वाटा.”

“मावशी, तुम्ही जरा गप्प बसाल?”

“शुक्रवारनंतर तुमच्या भोंग्याच्या भरवशावर मी झोपायची, साहेब. पाणी वाड्यात शिरलं तर पहिलं माझ्या अंथरुणात. मी कशी गप्प बसू?”

...

निनाद बाबांकडे वळला.

“मग तुम्हीच सांगा. या अकरा दिवशी पाणी किती होतं?”

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“मला वाचायला ठेवलंय, बेटा. अंदाजाला नाही.”

“अहो, पण त्या दिवशी तुम्ही इथंच होतात ना? मग केलंत काय?”

बाबा तानाक्काच्या माठावर बोट वाजवून पाहत होते, पक्का भाजलाय का ते.

तानाक्काच म्हणाली, “मला अक्षर कळत नाही. तुम्ही वाचा तारखा.”

निनादनं वही ओढली. “पहिला. गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस, एकोणतीस वर्षांपूर्वी.”

“माझी भट्टी वाहून गेली तो. पट्टी पाण्याखाली होती.”

“दुसरा. त्याच्या पुढच्या वर्षी, पोळ्याला.”

“धाकट्याचा जन्म. टेकडीवर, पिंपळाखाली. खाली घरात छपरापर्यंत पाणी.”

“तिसरा. पौषातला आहे हा.”

“त्या दिवशी काहीच नव्हतं. धुकं होतं नुसतं. स्वतःचा हात दिसेना, तिथं पट्टी काय दिसणार? उगाच चढलो, वर भाकरी खाल्ली, उगाच उतरलो.”

“चढलात? का?”

“का म्हणजे? नगारा वाजला ना!”

निनाद वाचत गेला. आठ वेळा पाणी होतं, तीन वेळा धुकं. अकराव्या तारखेला त्याचा आवाज बारीक झाला.

“यात... माणसं किती गेली?”

“माणसं?” तानाक्का म्हणाली. “गाढव नाही गेलं एक. सांगितलं ना, नगारा वाजला होता.”

...

निनादनं वर पाहिलं. नगारा जुनाट होता, कातड्याला दोन ठिगळं होती. मग त्यानं आपल्या पडद्याकडे पाहिलं. दिवा अजून हिरवा होता. कॅमेऱ्यावर शाल अजून तशीच होती.

त्यानं कोऱ्या चौकोनांसाठी टाकलेली अकरा शून्यं पुसली. कालचा आकडा पुसला. सरासरी पुसली. जिथं चूक गिळायला सांगितलं होतं, ती ओळ दोनदा वाचली आणि उडवली. तिच्या जागी एक छोटी ओळ लिहिली.

“मावशी, कानांवर हात ठेवा.”

हिरवा दिवा लाल झाला. पडद्यावर अक्षरं उमटली.

दिसत नाही.

आणि भोंगा वाजला.

तकियाच्या घुमटावरची कबुतरं अशी उडाली, की त्यातली दोन अजून परतलेली नाहीत. पहिल्या घरातून बाया निघाल्या, दुसऱ्यातून कोंबड्या, तिसऱ्यातून एक म्हातारा खाटेसकट. त्याला उचलणारे चौघं होते आणि खाटेवरून हुकूम सोडणारा तो एकटा. पाव तासात साठ घरं टेकडीवर होती, आणि त्यांच्या मागोमाग तानाक्का, बाबा आणि निनादही.

टेकडीवरून सगळ्यांनी नदीकडे पाहिलं.

गुडघाभर.

“कुठंय पूर?” म्हातारा ओरडला. “कुणी वाजवलं ते?”

एकशेऐंशी डोळे निनादकडे वळले. (दीडशे माणसं होती, पण काही अजून कोंबड्या शोधत होती.)

निनादनं घसा साफ केला. आयुष्यात कधी न बोललेलं वाक्य तो शोधत होता. एकदाचं सापडलं.

“कॅमेऱ्याला दिसत नव्हतं,” तो मोठ्यानं म्हणाला. “पाणी किती आहे, मला माहीत नव्हतं. म्हणून वाजवलं.”

...

म्हाताऱ्यानं खाटेवर कूस बदलली.

“मग बरं केलंस. पण पुढच्या खेपेला बाबांची शाल आधी काढ. पोरांनो, उचला मला.”

टेकडी हसली आणि खाली उतरली. तानाक्का सगळ्यात शेवटी निघाली.

“साहेब, शुक्रवारी साहेबलोकांपुढं पण असंच बोलाल? मोठ्यानं?”

“असंच. शाल टाकूनच दाखवणार आहे. आणि भोंग्याला कधी ठसका लागला तर काय, म्हणून नगारा जागेवर राहील. तेही मीच सांगणार.”

“मग झोपते मी,” ती म्हणाली आणि उतरली.

घाटावर परतल्यावर बाबांनी कॅमेऱ्यावरची शाल काढली, झटकली, घडी करून खांद्यावर टाकली आणि ते पायरीवर टेकले. निनादनं वही दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. या वेळी आपटली नाही.

“बाबा, एक विचारू?”

“हं.”

“बत्तीस वर्षं. रोज एक आकडा. एकदाही चुकला नाहीत?”

बाबांनी वही उघडली आणि त्या अकरांतल्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

“चुकलो असतो... तर वही भरलेली असती.”