धुरपाआईच्या रिकाम्या जागा

“पोरगी चांगली आहे, पण तोंडावर हसू म्हणून नाही. मी सांगते वहिनी, हिला एकदा धुरपाआईच्या तालीवर न्या. एक दगड ठेवू दे. उतरताना बघा कशी चुरुचुरु बोलत येते.”

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. हे त्या माझ्या सासूबाईंना सांगत होत्या आणि मी शेजारच्या खोलीत ज्वारी निवडत होते. आमच्या घरातल्या मधल्या भिंती पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त माझ्याविषयी बोलताना कुणाला आठवत नाही.

“खुपत असेल काही तर बोलेल की,” सासूबाई म्हणाल्या. “इथं काय कमी आहे तिला?”

कमी काहीच नाही. तेच तर कुणाला सांगता येत नाही.

धुरपाआईची गोष्ट ह्या गावात नव्या सुनेला सगळे सांगतात, आणि सगळे अर्धीच सांगतात. दगडाची अर्धी. उरलेली अर्धी मला शेजारच्या सुंदराकाकूंनी शेंगा फोडता फोडता सांगितली. आता मी ती सबंध सांगते. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, फक्त मध्येच उपाय सुचवू नयेत.

तर, ज्या काळी इथल्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असायचं आणि गावात एकाही घरावर पत्रा नव्हता, त्या काळी धुरपा नावाची एक बाई ह्या गावात नांदत होती. घर खाऊन-पिऊन सुखी होतं. नवरा मारका नव्हता, सासू खाष्ट नव्हती, गोठ्यात गाय होती, अंगणात पोरं होती. आणि एका सकाळी गाईची धार काढता काढता धुरपाचे हात थांबले ते थांबलेच. वासरू आलं, सगळं दूध पिऊन गेलं, तरी तिला कळलं नाही, असं म्हणतात.

त्या दिवसापासून तिच्या छातीवर एक ओझं येऊन बसलं. का बसलं, ह्यावर गावात आजही एकमत नाही. कुणी म्हणतं माहेरचं कुणी गेलं होतं, कुणी म्हणतं ओढ्यावर काहीतरी पाहिलं होतं. आत्याबाई म्हणतात नजर लागली. मला वाटतं कारण काही नव्हतंच. पण कारण नाही म्हटलं की गावाला चैन पडत नाही.

मग लोक यायला लागले. धुरपा भिंतीला टेकून बसलेली असायची आणि एकेक जण उंबरा ओलांडून यायचा. कुणी म्हणायचं, “मन रमव गं कशात तरी.” जसं काही मन म्हणजे कडेवरचं पोर आहे, खुळखुळा दाखवला की गप्प बसेल. कुणी म्हणायचं, “आपल्यापेक्षा खाली असलेल्याकडं बघावं.” तिनं बघितलं. मग तिला त्यांचंही वाईट वाटायला लागलं. कुणी अंगारा दिला, कुणी कडू काढा दिला, कुणी मिरच्या-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि सगळं घर खोकत बाहेर पळालं. धुरपा तेवढी आत बसून राहिली. “बघा, ठसकासुद्धा लागला न्हाई, म्हंजे नक्की बाहेरचं हाय,” असं सगळ्यांनी ठरवलं.

एक दिवस पाटलीणबाई आल्या. बाई मनानं चांगल्या, पण प्रत्येक घरातलं दुखणं आपल्या हातून बरं व्हावं अशी त्यांची फार इच्छा. त्या म्हणाल्या, “आमच्या वक्ताला आमाला असलं काई व्हायला सवडच नव्हती बाई. ऊठ, चार कामं कर, आपोआप जाईल.”

“ओझं हाय वो छातीवर,” धुरपा म्हणाली.

“कुठं हाय? मला तर दिसंना. बघू दे की, केवढं हाय ते!”

आणि धुरपा उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठली, ती चिडून उठली. पाटलीणबाईंना वाटलं आपला गुण आला. धुरपा तडक ओढ्यात उतरली, हा दगड उचल, तो उचल, असं करत करत तिला हवा तो मिळाला. तो डोक्यावरच्या पाटीत घालून घामाघूम होत ती घरी आली आणि पाटलीणबाईंच्या पायांपुढं धाडकन टाकला.

“आज एवढं हाय.”

पाटलीणबाईंनी तो उचलायला हात लावला आणि कंबर धरून तशाच खाली बसल्या, असं म्हणतात. धुरपाच्या गोष्टीत ह्या ठिकाणी लहान पोरं नेहमी हसतात. मीही हसले होते. सासूबाईंनी ते पाहिलं नाही, नाहीतर माझा विषय तेव्हाच मिटला असता.

दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, “आज कसं वाटतंय?” धुरपा ओढ्यावर गेली आणि दगड घेऊन आली. आज जरा लहान होता. तिसऱ्या दिवशीचा मोठा होता. बोलायचं नाही, समजवायचं नाही, दगड ठेवायचा. थोड्या दिवसांत दारात दगडच दगड झाले. सासू ठेचकाळली आणि म्हणाली, “धुरपे, तुझं दुख लई मोठं हाय, मला मान्य हाय. पण ते दारात नको ठेवू बाई. माझ्या अंगठ्याचं नख गेलं.”

तेव्हा धुरपानं दगड वरच्या माळाच्या उतारावर न्यायला सुरुवात केली. त्या उतारावरून दर पावसाळ्यात माती वाहून जायची. माती अडावी म्हणून उतारावर आडवा दगडी बांध रचतात, त्याला आमच्याकडे ताल म्हणतात. गावानं तिथं कितीदा ताल घातली होती आणि पावसानं प्रत्येक वेळी ती फोडली होती. त्या जागी धुरपाची ताल उठायला लागली. हलक्या दिवसाचा गोटा, जड दिवसाचा धोंडा, जसा दिवस तसा दगड. ओझं गेलं नव्हतं. पण रोज सकाळी ते छातीवरून हातात यायचं, आणि हातातलं ओझं कुठं ठेवायचं हे तिला कळलं होतं.

एकदा मात्र असा दिवस आला की तिनं ओढ्यातला सगळ्यांत मोठा काळा धोंडा निवडला. चार गड्यांनी पहारी लावल्या, तो हलला नाही. बैल जुंपले, दोर तुटले. “दुसरा घे की एखादा,” लोक म्हणाले. “आज दुसरा न्हाई,” धुरपा म्हणाली आणि सासूकडं वळली. “सासूबाई, हात लावता का? काई बोलू नका. नुसता हात लावा.”

म्हातारीनं पदर खोचला. एका बाजूनं सून, एका बाजूनं सासू, आणि तो धोंडा सुपासारखा उचलला गेला, असं म्हणतात. अजून तो तालीच्या मधोमध आहे. त्याला सासूचा धोंडा असंच नाव आहे. नव्या सुनांना सांगताना हा भाग कसा कोण जाणे नेहमी गळतो.

आणि आता ती अर्धी गोष्ट, जी कुणी सांगत नाही.

काही दिवस धुरपाला उठताच यायचं नाही. दगड तर सोडाच, डोळे उघडणंसुद्धा जड व्हायचं. अशा दिवशी तिची सासू दगडाची पाटी उंबऱ्याबाहेर उपडी घालायची. आज सून जाणार नाही, आत येऊ नका, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या दिवशी धुरपा तालीवर गेली की आधी हातभर जागा मोकळी सोडायची आणि त्याच्या पुढं रचायला लागायची. वरच्या थराचा लांबट दगड त्यावर आडवा बसायचा, खाली भोक तसंच राहायचं.

“हे भोक कशापाई?” लोकांनी विचारलं.

“काल मी आलेच नव्हते. न आलेल्या दिवसाचा दगड आणू कुठनं?”

लोकांना हे काही पटेना. एवढी चांगली ताल, आणि मध्येमध्ये ही तोंडं वासलेली भोकं! भोकांची लाज धुरपाला नव्हती, गावाला होती. पुढं एकदा पावसाच्या तोंडावर ती बरेच दिवस पडून राहिली. उपडी पाटी उंबऱ्याबाहेर तशीच. तेव्हा पाटलीणबाईंनी गाव गोळा केलं. “बाई पडून हाय. आपण तिची ताल पुरी करू. उठून बघंल तर कशी खूश हुईल!” सगळे मनापासून गेले. हा दगड ठोक, ती माती लिंप, बघता बघता एकूण एक भोक बुजवलं. ताल अशी गुळगुळीत दिसायला लागली की माणसं उताराखाली उभी राहून तिचं कौतुक करत होती, असं म्हणतात. धुरपाला कुणी विचारलं नाही. तिला आनंद द्यायचा होता ना.

मग पाऊस आला. असा पाऊस की डोंगर दिसेना. वरच्या माळाचं सगळं पाणी तालीमागं येऊन साठलं. आधी तालीतून पाण्याच्या धारा निघायच्या, आता एक थेंब बाहेर येईना. भर दुपारी कुणीतरी ओरडलं, “तालीला पोट आलंया!” खरंच, मधला भाग पुढं फुगला होता. त्याच्या बरोबर खाली घरं होती. गाव टेकू घेऊन धावलं. फुगलेल्या जागी आणखी दगड लावले, आणखी माती लिंपली. गाव दुसरं काय करणार? जितकं बुजवावं तितकी ताल पुढं येत होती.

धुरपा अंथरुणातून उठली. तिचं ओझं त्या दिवशी हलकं झालं होतं का? नाही. सुंदराकाकू इथे शेंग फोडायची थांबतात आणि बजावून सांगतात, “न्हाई. तसंच होतं. तसंच घेऊन ती वर गेली.”

तिनं टेकू लावणाऱ्यांना बाजूला केलं आणि गावानं ठोकलेला पहिला दगड हातानं उपसला. “अगं बाई, ताल पाडतीस का!” पाटलीणबाई ओरडल्या. धुरपानं दुसरा उपसला. कुठली जागा कोणत्या दिवसाची, हे तिला न बघता कळत होतं. ज्या दिवशी पोराच्या हातचं पाणीसुद्धा नको झालं होतं, ती ही जागा. ज्या दिवशी दिवस कधी मावळला तेच कळलं नाही, ती ती. एकेक जागा मोकळी झाली, एकेका जागेतून तांबड्या पाण्याचा लोट माणसाच्या उंचीइतका बाहेर उडाला. ती चालत होती आणि तिच्या मागं ताल गाईच्या आचळांसारखी धारा सोडत होती, असं म्हणतात. शेवटची जागा मोकळी झाली तेव्हा तालीचं पोट आपोआप आत गेलं. पाणी गेलं. माती राहिली. घरं राहिली.

पाटलीणबाई चिखलात बसल्या होत्या. धुरपा त्यांना एवढंच म्हणाली, “मी न्हवते तेवढी जागा ऱ्हाऊ द्या. ताल त्यावरच उभी हाय.”

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. नेहमी हसतमुख वगैरे झाली नाही. दगड नेत राहिली, मधूनमधून नेत नाही राहिली. म्हातारपणी एका सकाळी ती वर गेली ती उतरलीच नाही. तिच्या हातात त्या दिवशी इतका हलका दगड होता की ठेवताना तो वाऱ्यावर डुलला, असं म्हणतात. कुणी म्हणतं, तीच शेवटच्या जागेतून पलीकडं निघून गेली. ती जागा अंगठ्याएवढी आहे. पण गावाला त्यात काही अडचण वाटत नाही.

अजूनही ह्या गावात ज्याला जड होतं तो ओढ्यातून आपल्या मापाचा दगड घेऊन तालीवर जातो. वाटेत भेटणारा त्याला “का” विचारत नाही. “हात लावू का?” एवढंच विचारतो. पावसाळा सरला की घरटी एक माणूस वर जातं आणि तालीतल्या रिकाम्या जागांत हात घालून पालापाचोळा, गाळ काढतं. एकदा तालीचं सुशोभीकरण करून भोकं सिमेंटनं बुजवायची टूम निघाली होती, तेव्हा सुंदराकाकू सासूच्या धोंड्यावर जाऊन बसल्या आणि सिमेंट परत जाईपर्यंत उठल्या नाहीत. आणि ज्याला उठताच येत नाही त्याच्या उंबऱ्याबाहेर पाटी उपडी असते. मग आत कुणी जात नाही, उपदेश करत नाही. दारात भाकरी ठेवायची आणि निघायचं.

हे सगळं दुसऱ्याच्या दारात. स्वतःच्या घरात मात्र गंमत वेगळी असते. मला आल्यापासून मन रमवायला सांगून झालं आहे. नणंदेनं श्वास मोजायचे व्हिडिओ पाठवले. नवरा म्हणतो, “तू ना, जरा पॉझिटिव्ह विचार कर,” आणि हे तो इतक्या काळजीनं म्हणतो की नीट चिडताही येत नाही. गेल्या आठवड्यात मला तालीवर नेलं. दगडही आत्याबाईंनीच निवडला, छोटासा, साडीला डाग पडू नये असा. तो मी ठेवला. उतरताना त्या दर वळणावर विचारत होत्या, “आता वाटतंय ना हलकं?” मी मान हलवली. खोटी.

आज सकाळी मला उठवेना. कशीबशी दारापर्यंत गेले, परसातली पाटी आणली आणि उंबऱ्याबाहेर उपडी घातली. परत येऊन भिंतीला टेकून बसले.

सगळ्यांत आधी सासूबाईंनी पाहिली. “अगंबाई! हे काय? नव्या सुनेनं पाटी उपडी घातली तर लोक काय म्हणतील? आम्हीच छळलं म्हणतील!” त्यांनी ती सुलटी केली.

मी उठले, उपडी केली, परत येऊन बसले.

तोवर आत्याबाई आल्या, मागोमाग नवरा आला. तिघंही खोलीच्या दारात. “झालं काय पण?” “आमचं काही चुकलं का?” “आलं घालून चहा देऊ का? अंघोळ कर म्हणजे बरं वाटेल.” “दोन दिवस माहेरी जाऊन येतेस का?” “मी सांगते, तिला उद्या परत तालीवर नेऊ, या वेळी मोठा दगड घेऊ.”

तिघं एकदम बोलत होते, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. पाटलीणबाईंच्याही असणार. मला तालीचं फुगलेलं पोट आठवलं. मग मी बोलले, मधल्या भिंतींवरून सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“आज माझी रिकामी जागा आहे. ती बुजवू नका. भाकरी ठेवा आणि जा.”