विकतचं गाजरगवत

बागेतलं तण ओळखायची सोपी खूण सोसायटीचे अध्यक्ष टिपणीस यांनी शोधून काढली होती. नर्सरीतून विकत आणलेलं नाही ते तण, आणि तण दिसलं की मुळासकट उपटायचं. यमुताई घाणेकरांच्या खिडकीखाली घोळीची भाजी आपोआप उगवली होती. उद्या सकाळी तिच्यावर कुदळ पडणार होती. यमुताईंना चीड आली ती याची, की ज्यांनी ती भाजी वाट्या भरभरून नेली, तेच आजच्या सोसायटीच्या सभेत या नियमासाठी अध्यक्षांचा सत्कार करून टाळ्या वाजवत होते.

सत्काराचा गुच्छ छातीशी धरून अध्यक्ष म्हणाले, "यमुताई, नियम सगळ्यांना सारखा. फुकटचं ते तण."

"आणि विकतचं ते झाड?"

"अर्थात."

"मग तुमच्या गुच्छातल्या गुलाबांभोवती ती बारीक पांढरी फुलं आहेत ना, ते गाजरगवत. उकिरड्यावर माजतं, अंगाला खाज आणतं. पण फुलवाल्याकडून विकत आणलंय. उद्या माझी घोळ उपटून झाली, की तिच्या जागी तेच लावा."

टाळ्या थांबल्या. अध्यक्षांनी गुच्छ हळूच टेबलावर ठेवला आणि मान खाजवली.

घोळ अजून तिथंच आहे. भाजी मागायला शेजाऱ्यांच्या वाट्याही पूर्वीसारख्याच येतात. यमुताई त्या धुऊनपुसून परत पाठवतात, रिकाम्या.