केरबाचं कॉपी-पेस्ट

एका गावात एक भोळा संगणकवाला होता. नाव केरबा. दूध संघाच्या ऑफिसातले संगणक तो सांभाळायचा. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा, तसूभर इकडचं तिकडे नाही. हाच त्याचा गुण होता आणि हाच त्याचा घोटाळा. आम्ही बाकीचे संगणकवाले त्याला हसतो खरे, पण जरा हळूच हसतो.

अश्लेषा नावाच्या मुलीला बघून आल्यापासून केरबाचं कशात लक्ष नव्हतं. मुलगी त्याला फार आवडली होती, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. एके सकाळी तिचाच चॅटवर मेसेज आला. "बाबा उद्या दुसऱ्या स्थळाला शब्द देणार आहेत. तुमच्या मनात काय आहे ते आजच सांगा."

केरबाला घाम फुटला. तेवढ्यात नयनाताईंनी हाक मारली. ताई म्हणजे त्याच्या साहेब. टर्मिनलच्या, म्हणजे संगणकाला लिहून हुकूम द्यायच्या, काळ्या खिडकीत जुन्या संगणकावरची माहिती नव्यावर उतरत होती. ताई म्हणाल्या, "शेवटची ओळ कॉपी करून मला पाठव रे. कुठवर आलंय बघते."

केरबाने ओळ निवडली आणि कंट्रोल-सी दाबलं. खिडकी गप्प झाली.

"ताई, थांबलं."

"काय थांबलं?"

"सगळंच."

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, काळ्या खिडकीत कंट्रोल-सी म्हणजे चालू काम बंद पाडणं! कॉपी करायचं तर सोबत शिफ्ट दाबायचं. शिफ्ट विसरायचं नाही!"

"नाही विसरत."

आणि तो खरंच विसरला नाही. काम पुन्हा सुरू केलं, शिफ्ट दाबून ओळ कॉपी केली, ताईंना पाठवली. ओळ होती, "जागा अपुरी आहे. जुनं काढून टाका." ताई शाबास म्हणाल्या.

मग केरबा अश्लेषाकडे वळला. मनातलं समोरासमोर सांगावं म्हणून त्याने ब्राउझरमध्ये एका बागेचा पत्ता शोधला, तो निवडला आणि इमानदारीत शिफ्टसकट कंट्रोल-सी दाबलं. ब्राउझरची रीत वेगळी. कॉपी काहीच झालं नाही, उलट त्या पानाच्या पोटातला सगळा कोड शेजारी उघडला. केरबाला वाटलं, शिफ्टचा प्रताप. त्याने अश्लेषाला लिहिलं, "आपण इथे भेटू," आणि खाली डोळे मिटून पेस्ट केलं. गेलं ते मघाचंच. "जागा अपुरी आहे. जुनं काढून टाका."

अश्लेषाने विचारलं, "जुनं म्हणजे कोण?"

केरबा रडवेला होऊन ताईंकडे धावला.

"अरे येड्या, शिफ्ट काळ्या खिडकीपुरतं! आणि कुणाला काही पाठवायचं तर आधी दुसरीकडं पेस्ट करून बघावं. बरोबर दिसलं, की मग पाठवावं."

"दुसरीकडं म्हणजे कुठं?"

"जिथं नुसतं दिसतं, काही चालू नाही की बंद नाही, अशा कुठंही! आणि भेटीचं राहू दे, सरळ विचारून टाक तिला."

केरबाने अश्लेषाला कसंबसं पटवलं, की ते संगणकाचं बोलणं होतं. मग एका साध्या फाईलमध्ये त्याने आयुष्यातलं सगळं धाडस एकवटून लिहिलं. "तुम्ही मला फार आवडला आहात. माझ्याशी लग्न कराल का? आजच कळवा. केरबा." कॉपी केलं, बिनशिफ्टचं. आता दुसरीकडं टाकून बघायचं होतं.

समोर आणखी एक काळी खिडकी उघडी होती. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना सूचना द्यायची ती खिडकी. ताईंनीच मागे सांगितलं होतं, की इथं लिहिलेलं नुसतं दिसतं. कुठे दिसतं, हे केरबाने विचारलं नव्हतं. काळी खिडकी म्हणून त्याने आठवणीने शिफ्ट दाबलं आणि पेस्ट केलं. कॉपी करताना ओळीच्या शेवटचं एंटरही सोबत आलं होतं, त्यामुळे वेगळं एंटर न दाबताच मजकूर पुढे गेला. दिसायला मात्र झकास दिसला. म्हणून त्याने तो अश्लेषालाही पाठवला.

तिचं उत्तर लगेच आलं. "हो. किती उशीर लावलात!"

केरबा खुर्चीतून उडालाच. इतका आनंद त्याला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. तो आनंदात असतानाच ऑफिसातले फोन वाजायला लागले. एका केंद्राचे सचिव विचारत होते, "हे नक्की कुणाला उद्देशून आहे?" दुसऱ्या केंद्राने कळवलं, की विषय पुढच्या मीटिंगपुढे ठेवतो. तिसरीकडचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरी विचारून सांगतो."

ताई तावातावाने आल्या. हसावं की ओरडावं, त्यांनाच कळेना.

"केरबा, आता तरी नीट ऐक. माफीची एक ओळ लिही. आणि जिथं जिथं तुझी ती मागणी गेलीय, तिथं तिथं ती ओळ टाक. एक जागा सुटता कामा नये!"

"एकही सोडत नाही, ताई."

केरबाने लिहिलं, "वरील मागणी नजरचुकीने आली आहे. कृपया दुर्लक्ष करावे." या वेळी साध्या फाईलमध्ये टाकून बघितलं. बरोबर होतं. सूचनेच्या खिडकीत टाकलं, शिफ्टसकट. हळूहळू फोन थांबले. ताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पदराने घाम पुसला.

"गेली ना सगळीकडं?"

"एक जागा राहिली होती, ताई," केरबा छाती फुगवून म्हणाला. "अश्लेषाची. तिथंही आत्ताच टाकली."